आउटबॅकमधली कॅरव्हॅन: आधी वजन, मग सस्पेन्शन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी या गावापासून मार्लापर्यंत जाणारा ऊडनाडॅटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा आहे, आणि त्यातला बहुतेक भाग माती, खडी व दगडगोट्यांचा आहे. १९८० साली बंद झालेल्या जुन्या घॅन रेल्वेमार्गाच्या कडेकडेने तो जातो. दर हिवाळ्यात, म्हणजे महाराष्ट्रात पावसाळा असतो तेव्हा, शहरांतली कुटुंबे मोटारीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे ओढून न्यायचे घर, जोडून आउटबॅकच्या, म्हणजे वस्तीपासून दूरच्या ओसाड अंतर्भागाच्या, अशा वाटांना लागतात, आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली आम्ही मराठी मंडळीही त्यांत असतो. निघण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: कॅरव्हॅनला पाट्यांचे सस्पेन्शन (चाके आणि गाडी यांच्यामध्ये धक्के झेलणारी रचना) बरे की कॉइल स्प्रिंगचे? प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न वजनाचा आहे, आणि त्याचे उत्तर चुकले तर कितीही महागडे सस्पेन्शन ती चूक भरून काढू शकत नाही.

ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅनच्या वजनाचे तीन आकडे महत्त्वाचे असतात आणि ते गाडीवर बसवलेल्या पट्टीवर कोरलेले असतात. पहिला टेअर, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या कॅरव्हॅनचे वजन. दुसरा एटीएम, बँकेच्या यंत्राशी त्याचा संबंध नाही. मोटारीपासून सोडवून स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या, पूर्ण भरलेल्या कॅरव्हॅनचे एकूण वजन जास्तीत जास्त किती असू शकते, ते हा आकडा सांगतो. तिसरा जीटीएम, म्हणजे कॅरव्हॅन मोटारीला जोडलेली असताना तिच्या चाकांवर येणाऱ्या भाराची मर्यादा. जोडल्यावर थोडा भार पुढच्या दांड्यातून मोटारीच्या टो-बॉलवर, म्हणजे कॅरव्हॅन जिला जोडतात त्या मागच्या गोळ्यावर, जातो, आणि हाच बॉलवरचा भार पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

टेअरच्या आकड्यावर फार विसंबू नये. विक्रेत्याकडे नंतर बसवलेले बाजूला उलगडायचे कापडी छप्पर, जादा बॅटरी किंवा सौर पॅनेल त्यात धरलेले असतीलच असे नाही, आणि टाक्या तर रिकाम्याच धरलेल्या असतात. समजा टेअर २६०० किलो आणि एटीएम ३२०० किलो आहे, तर सामानासाठी ६०० किलो उरतात आणि ऐकताना ते भरपूर वाटतात. पण ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० किलो पाण्यातच गेले. गॅसच्या दोन सिलिंडरांत ९-९ किलो गॅस असतो. त्यानंतर अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, हत्यारे, खुर्च्या, धान्य आणि मुलांच्या सायकली आल्या. आमच्या घरी तर प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे आणि पंधरा दिवसांची कणीक यांच्याशिवाय प्रवासाला निघण्याची पद्धत नाही. एकेक वस्तू हलकी असते आणि एकूण ओझे जड होते, म्हणून अंदाज न करता काट्यावर जावे.

काट्यावरचे काम पाऊण तासाचे आहे. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी तोलतात तसाच हा काटा असतो, आणि ऑस्ट्रेलियात शहरांच्या कडेला सार्वजनिक वजनकाटे सहज सापडतात. आधी कॅरव्हॅन मोटारीला जोडलेली ठेवून फक्त कॅरव्हॅनची चाके काट्यावर घ्यायची. मग तिला सोडवून, पुढच्या लहान टेकूचाकासह संपूर्ण कॅरव्हॅन काट्यावर ठेवायची. आमच्या पहिल्या खेपेची चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे: जोडलेली असताना चाकांवर २८६० किलो आणि सोडवल्यावर ३१८० किलो. दोन्हींतला फरक, म्हणजे ३२० किलो, हा बॉलवरचा भार. सगळे तोलूनमापून भरले आहे असे समजून आम्ही गेलो होतो, आणि ३२०० च्या मर्यादेला अवघे २० किलो उरले होते.

आता हा ३२० किलोचा भार मोटारीचे काय करतो ते पाहू. तो मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे, बंपरखाली टेकलेला असतो. त्यामुळे तरफेचा नियम लागू होतो, जसा सी-सॉच्या टोकावर बसलेल्या मुलाला लागू होतो. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर ३.२ मीटर असेल आणि बॉल मागच्या चाकांच्या १.२५ मीटर मागे असेल, तर पुढच्या चाकांवरून १२५ किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकांवर ३२० नव्हे, तर ४४५ किलो वाढतात. पुढची चाके हलकी झाली म्हणजे वळण घेणे आणि ब्रेक लावणे दोन्ही कमजोर होते. मागच्या आसावर इतका बोजा पडतो की एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या आसाची वेगळी मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

मोटारीचेही दोन आकडे असतात. जीव्हीएम म्हणजे माणसे, सामान आणि बॉलवरचा भार धरून मोटारीचे कमाल वजन, आणि जीसीएम म्हणजे मोटार व कॅरव्हॅन मिळून कमाल वजन. जाहिरातीत ‘३५०० किलो ओढते’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत असते. जीसीएम मात्र माहितीपुस्तिकेत शोधावा लागतो. एका दुहेरी केबिनच्या युटचे (मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीचे) उदाहरण घेऊ: रिकामे वजन २२५०, जीव्हीएम ३२०० आणि जीसीएम ६००० किलो. चार माणसांचे २८० किलो धरू, आणि पुढचा लोखंडी बंपर, मागचा हौदा, फ्रिज व जादा बॅटरी यांचे मिळून २४० किलो धरू, म्हणजे युट झाली २७७० किलोची. बॉलचे ३२० मिळवले की ३०९० होतात, म्हणजे जीव्हीएममध्ये ११० किलो शिल्लक दिसतात. पण त्याच २७७० मध्ये कॅरव्हॅनचे ३१८० मिळवले की बेरीज ५९५० होते आणि जीसीएममध्ये फक्त ५० किलो उरतात. खरोखर ३५०० किलोची कॅरव्हॅन मागे लावली असती, तर युटसाठी २५०० किलोच उरले असते. म्हणजे दोन माणसे घरी ठेवूनही हिशेब जमला नसता. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो जवळजवळ रिकाम्या मोटारीचा असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅरव्हॅनखाली जास्त क्षमतेचे सस्पेन्शन बसवले म्हणून तिचा एटीएम आपोआप वाढत नाही. आस, चाके, टायर, ब्रेक, चासी (खालचा पोलादी सांगाडा), दांडा आणि जोड यांतला जो घटक सर्वांत कमजोर असेल त्यावर ती मर्यादा ठरते, आणि ती बदलायची तर रीतसर तपासणी व प्रमाणपत्र लागते. युटच्या मागच्या पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवून वाकलेली मोटार ‘सरळ’ करण्याची चाल तर अधिक धोक्याची आहे. पाटा आपला भार दोन टोकांनी चासीला देतो, तर पिशवी तो दोन टोकांच्या मधल्या एका जागी देते. मागे लांबवर टांगलेला बॉलचा भार, मध्ये पिशवीचा टेकू आणि खाली खडबडीत रस्ता, अशा स्थितीत केबिनच्या मागे चासी वाकलेल्या युटा आउटबॅकच्या गॅरेजांत नवलाच्या राहिलेल्या नाहीत. मागून मोटार सपाट दिसते, एवढ्याने तिचे वजन कमी झालेले नसते.

वजन किती हे कळले की ते कोठे ठेवायचे हा प्रश्न येतो, आणि येथे बैलगाडी पाहिलेल्या माणसाला फारसे शिकवावे लागत नाही. गाडीत मागे जास्त भरले की जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याखालचे पट्टे आवळतात, आणि शेतकरी म्हणतो, ‘गाडी उलाळ झाली.’ पुढे जास्त भरले तर जू मानेवर रुतते. कॅरव्हॅनचेही तेच आहे, फक्त बैलांच्या जागी मोटार आहे आणि वेग ताशी ८०-९० किलोमीटर आहे. उलाळ कॅरव्हॅन त्या वेगात नुसती उचलत नाही, तर डावी-उजवीकडे झुलू लागते, आणि एका वेगाच्या पुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. म्हणून ऑस्ट्रेलियात एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार बॉलवर असावा असा प्रघात आहे. युरोपातल्या हलक्या कॅरव्हॅनांना याहून कमी भार चालतो, पण तेथली मोजमापे इथल्या लांब, जड गाड्यांना लावू नयेत.

तथापि नुसता बॉलवरचा भार १० टक्के आला म्हणजे झाले, असेही नाही. मागच्या बंपरवर दोन स्टेपन्या व सायकली लावल्या आणि त्यांची बरोबरी करण्यासाठी पुढच्या दांड्यावर जनरेटर व हत्यारांची पेटी ठेवली, तर काट्यावर आकडा बरोबर येईल, पण गाडी दोन्ही टोकांना जड झालेली असेल. दोन्ही टोकांना ओझे बांधलेली काठी मधोमध धरून फिरवून पाहावी. एकदा फिरू लागली की ती थांबवणे जड जाते. हेच ओझे मधोमध बांधले तर मनगटाला त्रास होत नाही. म्हणून जड वस्तू आसाच्या जवळ आणि जमिनीलगत ठेवाव्यात, हलक्या वस्तू वरच्या कपाटांत ठेवाव्यात, आणि टोकांवर शक्य तितके कमी ठेवावे. मरी हे एकेकाळी अफगाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंटवाल्यांचे गाव होते, आणि त्यांतले पुष्कळ जण प्रत्यक्षात त्या काळच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेले होते. उंटाच्या दोन्ही बाजूंचे ओझे सारखे नसेल तर उंट चालत नाही, हे त्यांना कोणत्याही पट्टीवर कोरावे लागले नाही.

आता रस्त्याकडे वळू. कच्च्या रस्त्यावर पत्र्याच्या पन्हळीसारख्या आडव्या लाटा तयार होतात आणि त्यांना इंग्रजी बोलीत कॉरुगेशन्स म्हणतात. त्या सस्पेन्शनच्या उसळण्याने होतात असे पूर्वी समजले जाई. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, फिरत्या वर्तुळाकार वाळूच्या पट्ट्यावर एक साधे चाक चालवून असे दिसले की चाकाला स्प्रिंग नसली तरी, एका ठरावीक वेगापुढे वाळूत लाटा उमटतातच. म्हणजे रस्ता पुन्हा सपाट केला तरी वाहने त्यावर धावत राहतील तोवर पन्हळ परत येणार.

दोन लाटांमध्ये पाऊण मीटर अंतर आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर प्रत्येक चाकाला दर सेकंदाला सुमारे २२ धक्के बसतात. ऊडनाडॅटा ट्रॅकच्या निम्म्या अंतरावर जरी अशी पन्हळ असली, तरी एका चाकाचे धक्के चार लाखांच्या वर जातात. मोठ्या खड्ड्याची भीती सर्वांना वाटते, पण खड्डा एकदाच आपटतो. पन्हळ मात्र दिवसभर बारीक ठोकत राहते, त्याने बोल्ट सैल होतात, कपाटांचे स्क्रू गळून पडतात, आसावरून नेलेली ब्रेकची वायर घासून तुटते. आमच्या कॅरव्हॅनमध्ये पहिल्याच संध्याकाळी मोहरीच्या बरणीचे झाकण आपोआप उघडले होते, आणि पुढचे काही महिने चादरी झटकल्या की मोहरी निघत असे.

या पार्श्वभूमीवर सस्पेन्शनचे प्रकार समजून घेणे सोपे जाते. सर्वांत जुना प्रकार पाट्यांचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी कमानींचा. त्यात डावे-उजवे चाक एकाच सरळ आसावर असते, त्यामुळे एक चाक उचलले की दुसऱ्यालाही हिसका बसतो आणि आतले सामान अधिक हादरते. पण पाट्यांचे दोन गुण मोलाचे आहेत. एक, पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात उसळी थोडी जिरते, म्हणून शॉक अॅब्सॉर्बर नसला तरी गाडी चालते. दोन, पाटा तुटला तर यू-बोल्ट आणि जादा पाटा जवळ असल्यास तो रस्त्याच्या कडेला बदलता येतो, कारण ट्रकच्या पाट्यांचे काम आउटबॅकच्या कोणत्याही गॅरेजला परिचित असते. दोन आसांच्या कॅरव्हॅनमध्ये पुढचा व मागचा पाटा मधल्या डोलणाऱ्या दांडीने जोडलेला असतो. ती तराजूसारखी झुकते आणि दोन्ही आसांवर भार सारखा वाटते.

दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा आहे. त्यात प्रत्येक चाक स्वतःच्या मागे झुकलेल्या लोखंडी हातावर बसवलेले असते, आणि त्या हातावर कॉइल स्प्रिंग किंवा हवेची पिशवी असते. एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत जात नाही, चाक खाली-वर जायला जास्त जागा मिळते आणि आतले घर बरेच शांत राहते. परंतु कॉइल स्प्रिंगमध्ये घर्षण जवळजवळ नसते. ती दाबली की तितक्याच जोराने परत येते आणि उसळत राहते. त्यामुळे शॉक अॅब्सॉर्बर येथे शोभेची वस्तू नसून तोच खरा कामकरी असतो, आणि खडतर वापरासाठीच्या कॅरव्हॅनांना अनेकदा प्रत्येक चाकामागे दोन-दोन शॉक अॅब्सॉर्बर बसवलेले असतात. हवेच्या पिशव्यांचा फायदा असा की उंची कमी-जास्त करून कॅरव्हॅन सपाट ठेवता येते. तोटा असा की कॉम्प्रेसर, नळ्या आणि झडपा एवढ्या बिघडण्याच्या जागा वाढतात.

स्वतंत्र सस्पेन्शनची एक अडचण विक्रेते क्वचितच सांगतात. साध्या दोन आसांच्या कॉइल सस्पेन्शनमध्ये मधली डोलणारी दांडी नसते, म्हणून आसांमध्ये भाराची वाटणी आपोआप होत नाही. मोटारीचा बॉल उंच असल्याने कॅरव्हॅनचे नाक वर राहिले, तर मागच्या आसावर जास्त भार पडतो, नाक खाली असेल तर पुढच्या आसावर. एक जोडी टायर लवकर झिजते आणि एका जोडीचे शॉक अॅब्सॉर्बर अधिक तापतात. जोडलेली कॅरव्हॅन सपाट जमिनीवर बाजूने पाहून तिचा पाया आडवा आहे ना, एवढे तरी तपासावे.

माझे मत विचाराल तर वर्षातून एकदा सुट्टीत कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याला चांगले पाटे पुरेसे आहेत, आणि वाचलेले पैसे टायर व बेअरिंगांवर खर्च करावेत. महिनोन्‌महिने आउटबॅकमध्ये फिरणाऱ्यांना मात्र कॉइलचा आराम परवडतो, कारण त्यांची कपाटे व जोड तितके दिवस टिकले पाहिजेत.

शॉक अॅब्सॉर्बरचे काम म्हणजे उसळीचे उष्णतेत रूपांतर करणे होय. आतला दट्ट्या तेलातून लहान छिद्रांवाटे ये-जा करतो आणि तेल तापते. सेकंदाला वीस-बावीस धक्क्यांच्या वाटेवर ते इतके तापते की पातळ होते, त्यात फेस येतो आणि दट्ट्याला अडवण्याची त्याची ताकद ओसरते. त्या क्षणापासून कॅरव्हॅन उसळू लागते. यावर उपाय दोनच आहेत, वेग कमी करणे आणि थांबणे. तासाभराने थांबून चहा करणे हा आमच्या प्रवासातला सर्वांत स्वस्त यांत्रिक उपाय ठरला आहे.

टायरलाही सस्पेन्शनचाच भाग समजावे, कारण धक्का पहिल्यांदा तोच घेतो. डांबरी रस्त्यावर ४५-५० पीएसआय हवा असेल, तर खडीच्या रस्त्यावर साधारण पाव हिश्शाने कमी करून वेग ताशी ८० च्या खाली, आणि बऱ्याच ठिकाणी ६० च्याही खाली ठेवतात. हवा कमी केली पण वेग तोच ठेवला, तर टायरच्या बाजू वाकून-वाकून तापतात आणि फुटतात. टायरवर लिहिलेली भारक्षमता कमी दाबाला कमी होते, हेही विसरू नये. म्हणजे पुन्हा वजनाच्या आकड्याकडेच परत यावे लागते. ब्रेकचेही तसेच आहे. जीटीएम २००० किलोंच्या वर असेल तर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, आणि कॅरव्हॅन मोटारीपासून तुटून सुटली तर आपोआप लागून किमान १५ मिनिटे लागलेला राहील असा वेगळा ब्रेकही हवा, असा ऑस्ट्रेलियातला नियम आहे.

प्रत्येक थांब्यावर कॅरव्हॅनभोवती एक फेरी मारावी. चाकाच्या मध्यभागी, हबपाशी, हाताची पाठ आणावी, तळवा लावू नये. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप जास्त तापला असेल तर त्यातले ग्रीस संपले आहे, बेअरिंग जात आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. मग शॉक अॅब्सॉर्बरांपाशी हात न्यावा. ते गरमच असणार, स्पर्शही सहन होणार नाही. चिंता करावी ती गार लागणाऱ्याची, कारण जो गार आहे तो कामच करत नाही. याच ट्रॅकवरच्या विल्यम क्रीक या वस्तीच्या अलीकडे आमच्या आठांपैकी एक असाच गार निघाला. वाकून पाहिले, तर त्याच्या अंगावरून तेलाची काळी ओघळ धुळीत मुरलेली होती आणि खालचा बोल्ट बोटाने फिरत होता. तो काढून डिकीत टाकला, पाण्याची एक टाकी जवळच्या काटेरी झुडपांना दिली, आणि उरलेले अंतर ताशी ४० किलोमीटरने गेलो.